गुन्हा एक, सिनेमे दोन

गुप्तहेरकथेचा दुसरा भाग काढणं तसं सोपं काम. गुप्तहेर तोच ठेवायचा, प्रेत नवं आणायचं. कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधल्या धबधब्यात लोटून दिलं, तरी दहा वर्षांनी त्याला जिवंत करून बेकर स्ट्रीटवर परत आणून बसवता आलंच. होम्सला लागतं तरी काय? कुणीतरी घाबरंघुबरं जिना चढून वर यावं आणि आपली हकीकत सांगावी, बस्स. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार, धनंजय, काळापहाड यांना हाताशी धरून हजारावर पुस्तकं लिहिली ती याच बळावर.

'दृश्यम'ची गोम निराळी आहे. इथे नायक गुन्हा शोधणारा नाही, लपवणारा आहे. पोलीस टेबलाच्या पलीकडे बसलेत आणि आपण, म्हणजे प्रेक्षक, आरोपीच्या बाजूला. शिवाय हा काही सराईत नव्हे. पोरीच्या हातून घडलेलं झाकणारा बाप. त्याच्या पदरी गुन्हा एकच, आणि तो पहिल्या भागात व्यवस्थित पुरून झालेला. दुसऱ्या भागात नवा खून करता येत नाही. केला तर तो आपला विजय साळगावकर उरत नाही. मग उरतं एकच, पुरलेलं उकरायचं. 'दृश्यम २' तेच करतो, आणि ते करताना मला एकाच वेळी खूश आणि खट्टू करून सोडतो. या खूश-खट्टूचा हिशेब मांडायचा तर दोन्ही सिनेमांची सगळी गुपितं फोडावी लागतील. ज्यांनी अजून पाहिले नसतील त्यांनी आधी पाहून यावं.

मुळात दोन्ही सिनेमे मल्याळम. जीतू जोसेफ यांनी मोहनलालना घेऊन केलेला 'दृश्यम' डिसेंबर २०१३चा. मग तो कन्नडमध्ये गेला, तेलुगूत गेला, तमिळमध्ये कमल हासनकडे गेला, पुढे सिंहलीत आणि चिनी भाषेतही गेला. हिंदीतला ३१ जुलै २०१५ रोजी लागला, निशिकांत कामत यांचा. आपल्या दृष्टीने तो अर्धामुर्धा मराठीच सिनेमा आहे. हिंदी पटकथा उपेंद्र सिधये यांची. कॅमेरा अविनाश अरुण यांचा, ज्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला 'किल्ला' त्याच्या महिनाभर आधीच थिएटरात आला होता. धाकटी मुलगी अनू म्हणजे मृणाल जाधव, केबलच्या दुकानातला जोस म्हणजे प्रथमेश परब, आणि सब इन्स्पेक्टर गायतोंडे म्हणजे कमलेश सावंत. (गायतोंडे हे आडनाव ऐकलं की आपल्याला एखादे डॉक्टर नाहीतर वकील आठवावेत. हिंदीवाल्यांनी मात्र आधी लाचखाऊ फौजदार आणि मग 'सेक्रेड गेम्स'मधला डॉन अशी त्या घराण्याची पार रया घालवली.)

कामतांनी २००५ मध्ये 'डोंबिवली फास्ट' केला होता. त्यातला माधव आपटे बँकेत नोकरी करणारा, नियमाने चालणारा माणूस, आणि एके दिवशी त्याचा बांध फुटतो. गोव्यातल्या पांडोळीचा विजय साळगावकर हा मला नेहमी आपट्यांचा दूरचा भाऊ वाटत आला आहे. व्यवस्था दोघांनाही सारखीच चिरडते. आपटे बॅट उचलतो. साळगावकर डोकं खाली घालून तिकिटं जमवतो. आपट्यात राग आहे, साळगावकरात हिशेब. चौथी नापास, अनाथ, मिराज केबलच्या ऑफिसात रात्र रात्र सिनेमे बघत बसणारा हा माणूस गावात कुणाच्या डोळ्यात खुपत नाही. दोन-अडीच कपड्यांवर दिवस काढतो, बायकोशी पैशांवरून कटकट करतो. कामतांनी सिनेमाचा जवळपास पहिला तास या कटकटीला दिला आहे. पावणेतीन तासांच्या रहस्यपटात एवढा वेळ घरगुती गोष्टींवर घालवायला धीर लागतो. तेव्हा प्रेक्षक कुरकुरले होते, मीही चुळबुळलो असेन. पण त्या तासाची वसुली पुढे होते. पोलीस त्या घराला हात लावतात तेव्हा ते घर आपल्या ओळखीचं झालेलं असतं.

आता पहिल्या सिनेमाचा खरा दागिना, म्हणजे तारीख.

समीर देशमुख, आयजी मीरा देशमुखचा मुलगा, २ ऑक्टोबरच्या रात्री साळगावकरांच्या घरी मरतो. विजय पुरावे नष्ट करतो, पिवळी गाडी पाण्याने भरलेल्या खाणीत सोडतो, आणि त्यानंतर कुटुंबाला घेऊन पणजीला जातो. स्वामी चिन्मयानंदांचा सत्संग, पावभाजी, हॉटेलात मुक्काम, सिनेमा. परत आल्यावर तो एकेका माणसाला पुन्हा भेटतो आणि बोलता बोलता सांगतो की आम्ही दोन तारखेला आलो होतो ना, तीन तारखेला निघालो ना. बसचा कंडक्टर, हॉटेलचा मॅनेजर, सिनेमा दाखवणारा, कुणीही खोटं बोलत नाही. सगळ्यांनी हे कुटुंब खरोखर पाहिलेलं असतं. फक्त कधी पाहिलं, ते विजयने त्यांच्या डोक्यात नंतर भरलेलं असतं.

मानसशास्त्रात याला आधार आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली आणि नंतर गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात 'आदळल्या'सारखं जोरकस क्रियापद वापरलं की लोक वेग जास्त सांगत, सौम्य वापरलं की कमी. पाहिलेलं तेच होतं. विचारण्याने आठवण बदलली. पण हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. आमच्या मुळशी तालुक्यातल्या घोटावड्यात कुणालाही विचारा, मागच्या महिन्यात दोन तारखेला कुठे होतात. तो आधी आकाशाकडे बघेल, मग म्हणेल, "आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी का नंतर?" तारीख कुणाच्याच लक्षात राहत नाही. लक्षात राहतं ते एकादशी होती की नाही, लाईट गेली होती की नाही, कुणाचं दहावं होतं. विजयला हे माहीत आहे, कारण तो शिकलेला नसला तरी लोकांत वावरणारा आहे. म्हणून ही युक्ती पडद्यावर उलगडते तेव्हा 'वा, काय डोकं' असं होत नाही. 'अरे, हे तर मलाही ठाऊक होतं' असं होतं. रहस्यकथेत दुसरी प्रतिक्रिया मिळवणं फार अवघड.

मूळ मल्याळम सिनेमात ही तारीख ऑगस्टमधली होती. हिंदीत ती २ ऑक्टोबर केली, हा हिंदीवाल्यांचा मोठाच शहाणपणा. एक तर गांधीजयंती, अहिंसेच्या दिवशीच हत्या. त्याचा उल्लेख सिनेमा करत नाही, हेही बरंच. दुसरं म्हणजे ही तारीख प्रेक्षकाला विसरताच येत नाही. विजयने कंडक्टरला जे केलं तेच सिनेमाने आपल्याला केलं. तेव्हापासून दर वर्षी २ ऑक्टोबरला पणजीचा सत्संग आणि पावभाजी यांवरचे विनोद सगळ्यांच्या फोनमध्ये फिरतात. लोक ती तारीख गांधीजींइतकीच साळगावकरांचीही मानू लागलेत.

आणि इथेच दुसऱ्या भागाने पहिल्याला एक खोट लावली, जिचा उल्लेख मी फारसा कुठे वाचला नाही. 'दृश्यम २'ची सुरुवात त्याच रात्रींच्या आसपास होते. डेव्हिड नावाचा पळता गुन्हेगार (सिद्धार्थ बोडके) अर्धवट बांधलेल्या पोलीस ठाण्यातून विजयला बाहेर पडताना बघतो. पडद्यावर साल येतं, २०१४. आता २०१४चं पंचांग काढून बघा. ३ ऑक्टोबरला दसरा होता. म्हणजे २ तारीख खंडेनवमी. मग विजय साक्षीदारांच्या गळी काय उतरवतोय, तर आम्ही तुमच्या बसमध्ये, तुमच्या हॉटेलात, दसऱ्याच्या दिवशी होतो! तारीख विसरणारा माणूसही दसरा विसरत नाही. दसऱ्याला घोटावडे फाट्यावरून जाणाऱ्या एकूण एक गाडीच्या नाकावर झेंडूची माळ असते. ट्रॅक्टर, टेम्पो, खडीचा डंपर, कुणी सुटत नाही. गोव्यातही त्याहून निराळं नसणार. कंडक्टर लगेच म्हणाला असता, छे हो, तुम्ही आलात तेव्हा गाडीवरची फुलं सुकली होती. पहिल्या सिनेमाने साल ठसवलं नव्हतं, म्हणून हे भोक नव्हतंच. दुसऱ्याने सात वर्षांचा हिशेब जुळवण्यासाठी साल छापलं आणि पहिल्याची भिंत पोखरली. लोक दुसऱ्या भागाची तुलना पहिल्याशी करतात ती कमी-जास्त चांगला अशी. पण दुसरा भाग मागे जाऊन पहिल्याला हात लावतो, त्याचं काय?

एवढी तक्रार करून आता दुसऱ्याचं कौतुक करतो, कारण ते मनापासून आहे.

'दृश्यम २' १८ नोव्हेंबर २०२२ला लागला. दिग्दर्शक अभिषेक पाठक. निशिकांत कामत त्याआधी, १७ ऑगस्ट २०२० रोजी, हैदराबादच्या रुग्णालयात गेले होते, अवघ्या पन्नाशीत. मोहनलालचा दुसरा भाग फेब्रुवारी २०२१ मध्ये थेट ओटीटीवर येऊन गेलेला, तेव्हा शेवट ठाऊक असणारे प्रेक्षकही भरपूर होते. मी तो मुद्दाम पाहिला नव्हता. घोटावड्याहून सिनेमाला जायचं म्हणजे माण-हिंजवडीच्या गर्दीतून वाकडच्या बाजूला निघायचं, नाहीतर पौड रस्त्याने कोथरूड गाठायचं. एवढा प्रवास करून गेल्यावर माणसाला सिनेमा आवडून घ्यायची घाई असते, हेही मान्य करायला हवं.

दुसऱ्या भागातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे गाव. पहिल्यात गाव विजयच्या बाजूने होतं. पोलिसाने पोरीला मारलं म्हणून लोक चवताळून उठले होते. सात वर्षांत विजयचं थिएटर झालं, सिनेमा काढायच्या गोष्टी सुरू झाल्या, आणि त्याच लोकांच्या जिभा फिरल्या. आता चहाच्या टेबलावर चर्चा अशी की पोरगं यांनीच मारलं असणार, त्या पोरीचंच काहीतरी असेल. पुरावा काही नवा सापडलेला नाही. फक्त माणूस वर गेला. हे मुळशी तालुक्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. जमिनींना भाव आल्यापासून आमच्याकडे हेच बघतोय. काल ज्याच्या अडचणीला सगळी वाडी धावली, त्याने रस्त्याकडेचा तुकडा विकून बंगला बांधला की दोन दिवाळ्यांत त्याच्या पैशाच्या कथा तयार होतात. प्रवीण तरडे यांनी २०१८च्या 'मुळशी पॅटर्न'मध्ये जमीन विकून मोकळा झालेला माणूस दाखवला. 'दृश्यम २' त्याच्या शेजाऱ्यांचा मत्सर दाखवतो. हिंदी सिनेमात ही बारकाई क्वचित येते. तीन-चार प्रसंगांत ती आटोपते, याचं वाईट वाटलं.

तशीच शेजारीण. नेहा जोशीची जेनी शेजारी राहायला येते, नवऱ्याचा मार खाते, विजयच्या बायकोच्या, नंदिनीच्या स्वयंपाकघरात येऊन बसते. नंदिनी सात वर्षं कुणाशी बोललेली नाही. बोलायला माणूस मिळतं तेव्हा ती हळूहळू सैल होते, आणि नको ते बोलून बसते. ती शेजारीण आणि तिचा नवरा पोलीस असतात. हा धक्का मध्यंतराच्या आसपास येतो आणि तो फार चांगला बसतो, कारण तो नंदिनीच्या एकटेपणावर उभा आहे. नेहा जोशीने जेनी साकारताना कुठेही सूचक नजर टाकलेली नाही. दुसऱ्यांदा बघताना मी मुद्दाम तिच्याकडे बघत होतो. विजयने साऱ्या गावाच्या आठवणी बदलल्या, पण बायकोच्या मनात साचलेलं त्याला उपसता आलं नाही. पहिल्या भागात पोलीस मारून बोलतं करायला गेले आणि हरले. दुसऱ्यात त्यांनी आपुलकी पाठवली, आणि जिंकले. सिनेमा इथे संपला असता तर मी त्याला पहिल्यापेक्षा वरचढ म्हटलं असतं.

मग डेव्हिड सुटून येतो, पैशासाठी तोंड उघडतो, आणि पोलीस ठाण्याची फरशी फोडली जाते. पहिल्या भागाच्या अगदी शेवटी आपल्याला कळलेलं असतं की प्रेत तिथेच आहे, पोलिसांच्या पायाखाली. ते दृश्य इतकं पूर्ण होतं की त्यावर काही रचणं म्हणजे धाडसच. पाठक यांनी उकरण्याचा प्रसंग छान लांबवलाय. कुदळी, धूळ, बघ्यांची गर्दी, आणि विजयचा चेहरा. अजय देवगणला न हलणारा चेहरा देवानेच दिलाय आणि दोन्ही सिनेमांनी त्याचा उपयोग ओळखला. कवटी वर येते तेव्हा थिएटरमध्ये माझ्या मागच्या रांगेतून कुणीतरी "गेलाऽऽ" म्हणून ओरडलं. दोन सिनेमे मिळून सात वर्षं ज्याच्या बाजूने बसलो तो आता जाणार, ही भीती खरी होती.

आणि इथून पुढचा अर्धा तास. टाळ्या पडतात तोही हाच, आणि मला तिढा पडतो तोही इथेच.

विजय कबुली देतो. प्रकरण कोर्टात जातं. सांगाड्याचा डीएनए समीरच्या आईवडिलांशी जुळत नाही. पोलीस चक्रावतात, आणि मग मुराद अली (सौरभ शुक्ला) नावाचा पटकथालेखक येऊन सगळं सांगतो. विजयने ही गोष्ट त्याच्याकडून लिहून घेतली होती, ती आधीच पुस्तकरूपात नोंदलेली होती. गोष्टीतला नायक काय करतो? थडगी खणणाऱ्या माणसाशी वर्षानुवर्षं दोस्ती ठेवतो, त्याच्याकडून त्याच वयाच्या तरुणाचा सांगाडा मिळवतो, तपासणीच्या ठिकाणच्या रखवालदाराला आपलासा करतो आणि ऐन वेळी हाडं बदलतो. म्हणजे पोलीस फरशी फोडतील हे विजयने सात वर्षांपूर्वीच गृहीत धरलं होतं. बघताना अंगावर काटा येतो, हे नाकारत नाही. देवी श्री प्रसादांचं संगीत तो काटा आणखी वाढवतं.

पण हे आपल्याला कळतं कसं? सांगून. पहिल्या सिनेमाचं सगळं तत्त्व असं की डोळ्यांनी पाहिलेलं माणूस सोडत नाही. म्हणून विजयने साक्षीदारांना दाखवलं आणि कामतांनी आपल्यालाही दाखवलं. गाडी बुडताना आपण पाहिली, तालमी पाहिल्या, पोरींना उत्तरं घोकवताना पाहिलं. लपवलं ते एकच, प्रेताची जागा. दुसऱ्यात मात्र सात वर्षांची तयारी आपल्यापासून पूर्ण झाकलेली, आणि ती एका खुर्चीत बसलेल्या माणसाच्या निवेदनातून मिळते, मागोमाग तुकडे जोडलेली चित्रं. पहिल्यात मी विजयचा साथीदार होतो. गुन्ह्याचा भागीदार म्हणा ना. दुसऱ्यात त्याने मलाही पोलिसांच्या बाकावर नेऊन बसवलं. हुशारीला दाद दिली, पण त्याचा माझ्यावरचा विश्वास उडाला की काय, असं वाटून गेलं.

थोडं खोलात गेलं तर हा बदल माणसातच झालाय. पहिल्यातला विजय प्रेक्षक होता. सिनेमे पाहून पाहून त्याला कळलं होतं की पुढे काय होतं, पोलीस काय विचारतात, कोर्टात काय टिकतं. सिनेमा बघणाऱ्या कुठल्याही माणसाला त्याच्यात आपला अंश दिसायचा; आमच्याकडे केबलचं ऑफिस म्हणजे रिकामटेकड्यांची बैठक होती तेव्हा असे दोन-तीन साळगावकर प्रत्येक गावात असायचे. कायद्यापासून फायटिंगपर्यंत सगळी माहिती, आणि सगळी अमिताभकडून. दुसऱ्यातला विजय लेखक झालाय. तो गोष्ट रचतो, पात्रं पेरतो, शेवट ठरवतो, छापूनही ठेवतो. लेखकाच्या हातून चूक होत नाही. त्याला नशीबही नडत नाही. डेव्हिड नेमका तेव्हा सुटेल, नेमका तोच पाहील, रखवालदार नेमका ढिला पडेल. पहिल्यात गायतोंड्याने विजयला पिवळ्या गाडीत पाहिलं होतं, ती चूक होती, आणि त्या एका चुकीने सगळा उत्तरार्ध ताणून धरला. दुसऱ्यात तसा एकही टाका सुटत नाही. न सुटणाऱ्या टाक्यांचा मला कंटाळा येतो.

कायद्याच्या अंगाने पाहिलं तर शंका आणखी आहेत. पोलिसांपुढचा कबुलीजबाब २०२४पर्यंत लागू असलेल्या १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम २५नुसार चालत नव्हता, तेव्हा विजयची कबुली कोर्टात टिकणार नव्हतीच. ती न टिकल्याचा पोलिसांना एवढा धक्का का बसावा? उलट प्रेत न सापडताही खुनाची शिक्षा होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१च्या रामा नंद खटल्यात म्हटलं आहे. म्हणजे हाडं जुळली नाहीत एवढ्याने सगळं संपत नाही. साक्षीदार डेव्हिड आहे, घरातलं बोलणं आहे, पोलीस ठाण्याखाली कुणाचा तरी सांगाडा मिळालाय तो मिळालाच आहे. तो कुणाचा, हे विचारायला कुणी थांबत नाही. शिवाय हाडांचा मुद्देमाल पंचनाम्यानंतर सीलबंद होऊन जातो. लाखेचं सील एका रात्रीत फोडून पुन्हा लावणारा रखवालदार म्हणजे फारच गुणी माणूस. असल्या शंका थिएटरमध्ये येत नाहीत, घरी येताना येतात, आणि रहस्यपटाला तेवढी सूट असते. तरी पहिल्याच्या बाबतीत मला घरी येताना कौतुकच वाटत होतं, एवढं नोंदवून ठेवतो.

अभिनयात दुसऱ्या भागाची मोठी जमेची बाजू म्हणजे अक्षय खन्ना. आयजी तरुण अहलावत बोलतो कमी, ओठाच्या एका कोपऱ्यातून हसतो, आणि समोरचा काय लपवतोय याची त्याला चव लागल्यासारखी दिसते. विजय आणि तो समोरासमोर येतात ते प्रसंग सिनेमाचा कणा आहेत. त्याची किंमत तब्बूने मोजली. पहिल्यातली मीरा देशमुख एकाच वेळी आई आणि अधिकारी होती. तपास करता करता तिला आपल्या मुलाचं खरं रूप कळत जातं आणि चेहऱ्यावर एकेक थर उतरत जातो. अंगावर वर्दी असल्यामुळे ती रडूही शकत नाही. दुसऱ्यात वर्दी गेली, अधिकार अहलावतकडे गेला, तिच्या वाट्याला उरला नुसता संताप. तब्बूला नुसता संताप देणं म्हणजे वाया घालवणं. गायतोंडेचंही तेच झालं. पहिल्यात कमलेश सावंतांच्या पोलिसाची धास्ती वाटायची, कारण असा माणूस आपण चौकीत पाहिलेला असतो. दुसऱ्यात तो परत आल्यावर लोक शिट्ट्या मारतात. धास्तीचं मनोरंजन झालं.

मीराचा नवरा, रजत कपूरचा महेश देशमुख, मात्र दुसऱ्यात वाढला. तो सूड मागत नाही; मुलाचे अवशेष मागतो, अंत्यसंस्कारासाठी. हात जोडून, खुन्याकडेच. सगळ्या चढाओढीत ही एकच मागणी माणसाची आहे, आणि तिला उत्तर देणं पहिल्या सिनेमाने टाळलं होतं. तिथे विजयने देशमुख नवराबायकोपुढे आडून आडून माफी मागितली आणि आपण सगळे सुटलो. दुसऱ्यात अस्थी पोचवल्या जातात. म्हणजे हाडं बदलण्याचा तो सगळा खटाटोप केवळ सुटण्यासाठी नव्हता, खरी हाडं आईबापाला परत देता यावीत यासाठीही होता. ही कल्पना इतकी चांगली आहे की मुराद अलीचं लांबलचक निवेदनही मी तिच्यापुरतं माफ करतो. चिनी आवृत्तीत, 'शीप विदाउट अ शेपर्ड'मध्ये (२०१९), बाप शेवटी पोलिसांच्या स्वाधीन होतो आणि हिशेब चुकता होतो. तिथे कायदा समाधानी. आपल्याकडे कायदा उपाशी राहिला, पण निदान तेराव्याचा प्रश्न सुटला. मला विचाराल तर हा शेवट जास्त आपला आहे.

दोन्ही सिनेमांवर माझा एक जुना राग आहे, तो आता लिहूनच टाकतो. समीरला रॉड कुणी मारला? थोरल्या मुलीने, अंजूने. दोन सिनेमे, जवळपास पाच तास, बाप काय करतो, आई काय सोसते, मीरा काय मागते, अहलावत काय ताडतो हे सगळं बघितलं. अंजू काय म्हणते? पहिल्यात ती उत्तरं पाठ करते. दुसऱ्यात तिला पोलिसांच्या गाडीचा आवाज आला की झटका येतो, आणि त्या झटक्याचा वापर आता ही बोलून जाणार की काय, एवढ्या ताणासाठी होतो. इशिता दत्ताकडे नजर आहे, पण ओळी नाहीत. सात वर्षं हे पोरीने कसं काढलं, बापाने वाचवलं म्हणजे नेमकं काय वाचवलं, हे ती कुणालाच सांगत नाही, घरातही नाही. तिसऱ्या भागाची घोषणा झालेली आहे. विजयने पुन्हा काही रचून ठेवलं असेल तर असो, त्याची मला फारशी उत्सुकता उरलेली नाही. अंजू तोंड उघडणार असेल तर मात्र वाकडपर्यंतची ती गर्दी मी पुन्हा सोसेन.